शालिनीमावशींचं दुसरं खातं

"सही मी करणार नाही," शालिनीमावशी म्हणाल्या. पेनाला टोपण लावून त्यांनी ते माझ्या बाजूला सरकवलं.

फॉर्म साधा होता. सरकारकडून दर महिन्याला येणारे त्यांचे सोशल सिक्युरिटीचे पैसे, म्हणजे इथलं म्हातारपणाचं पेन्शनच, एका बँकेऐवजी दुसऱ्या बँकेत जमा व्हावेत, एवढंच त्यात होतं.

"का बरं?" मी विचारलं.

"पैसे हलवायचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, मीच सांगतेय. तुम्ही या बँकेचं लोन घेतलंय. आपण बँकरप्सी फाइल केली की ही बँक तुमचं खातं फ्रीझ करू शकते. म्हणून आधीच पैसे सेफ अकाउंटमध्ये न्यायचे. आणि तोवर बँकेत कोणाला काही बोलू नका."

मावशींचा चेहरा एकदम कठोर झाला. त्यांनी शेजारी बसलेल्या भाच्याकडे पाहिलं.

"निरंजन, ऊठ. गाडी काढ."

आणि दोघं गेले. जाताना मावशींनी टेबलावरच्या आपल्या सगळ्या स्टेटमेंट्सची चळत उचलली, माझ्यासाठी काढलेल्या झेरॉक्ससुद्धा.

मी अमेरिकेतल्या एडिसन गावात एका छोट्या लीगल क्लिनिकमध्ये वकील आहे. ज्यांना वकिलाची फी परवडत नाही त्यांच्या केसेस आम्ही घेतो. घरमालकाशी भांडण, नवऱ्याशी भांडण, आणि माझ्याकडे येतात ती दिवाळखोरीची प्रकरणं. आपल्याकडे दिवाळखोर म्हटलं की तोंड लपवून पळालेला व्यापारी डोळ्यांसमोर येतो. इथे बँकरप्सी ही कायद्याने दिलेली सोय आहे. माझ्याकडे येणारे बहुतेकजण चॅप्टर सेव्हन नावाच्या प्रकारात अर्ज करतात. कोर्टाला सांगायचं, माझ्याकडे हे एवढं आहे, देणं हे एवढं आहे, फेडणं शक्य नाही. कोर्ट एक ट्रस्टी नेमतं. तो तपासतो की माणूस खरं बोलतोय का, काही लपवतोय का. सगळं नीट असलं तर बरीचशी कर्जं माफ होतात. (मावशींनी हे लिहायला परवानगी दिली आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सोशल सिक्युरिटीच्या पैशांना सावकार हात लावू शकत नाहीत, दिवाळखोरीतही नाही. कायदा तसा स्पष्ट आहे. पण कायदा आणि खातं यांच्यामध्ये बँक असते. ज्या बँकेत तुमचे पैसे येतात तिचंच तुम्ही लोन घेतलं असेल, तर तुमचा अर्ज दाखल झाल्याची नोटीस मिळताच ती खातं गोठवते आणि म्हणते, आमच्या हक्काचं काय ते आधी ठरू दे. ते ठरतं, बऱ्याचदा आपल्या बाजूने ठरतं. पण ठरेपर्यंत भाडं, औषधं, वाणसामान कशातून करायचं? शिवाय मावशींच्या त्याच खात्यात त्यांचा पगारही जमा होत होता. पेन्शन आणि पगार एकात मिसळले की यातलं संरक्षण असलेलं कुठलं आणि नसलेलं कुठलं, हे पुन्हा सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून आम्ही सांगतो, जिथे काही देणं नाही अशा बँकेत एक बेसिक खातं उघडा. चेकबुक नाही, ओव्हरड्राफ्ट नाही, फक्त डेबिट कार्ड. आणि त्यात पेन्शनशिवाय दुसरा एक डॉलरही येऊ देऊ नका.

हा सल्ला बहुतेक लोक मान डोलावून ऐकतात. उठून निघून गेलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

शालिनीमावशी मूळच्या सांगलीच्या. नवऱ्याबरोबर अमेरिकेत आल्या आणि एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये कामाला लागल्या. रिटर्न्सच्या काउंटरवर. घेतलेला माल लोक परत आणतात ना, तिथे. लग्नात घालून घेतलेला ड्रेस टॅग पुन्हा शिवून परत आणणारे, रिकाम्या खोक्यात विटेचा तुकडा घालून आणणारे, सगळे त्यांनी पाहिले होते. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं होतं, "माणूस दारातून आत आला ना, की मला कळायचं. आणि कळलं नाही तर मी कॉलर हुंगायचे." मॅनेजर शंका आली की माल त्यांच्याकडे पाठवायचा. नवरा गेल्यावर त्या एकट्या राहत होत्या आणि ओक ट्री रोडजवळच्या एका शिलाईच्या दुकानात अर्धवेळ ब्लाउज आणि लेहेंग्यांचं फिटिंग करत होत्या. त्या पगारातून आता कोर्टाच्या हुकमाने थोडे थोडे पैसे कापले जात होते. एका क्रेडिट कार्ड कंपनीने दावा लावून तो हुकूम मिळवला होता. बँकरप्सी त्यासाठीच हवी होती. अर्ज दाखल झाला की ती कपात थांबते.

प्रश्न वेगळाच होता. ही कर्जं झाली कशी?

त्यांचं राहणं अगदी काटकसरीचं. वर्षानुवर्षं कार्डाची बाकी दर महिन्याला पूर्ण भरलेली. आणि मग मागच्या हिवाळ्यात, थोड्याच दिवसांत, तीन कार्डांवर रोख उचल आणि वर बँकेचं पर्सनल लोन. मी विचारलं होतं, "मावशी, हे पैसे कुठे गेले?"

"घरात लागले."

"कशासाठी?"

"घर म्हटलं की शंभर गोष्टी असतात."

भाचा फोनमध्ये मान घालून बसला होता. निरंजन पुण्याचा, आयटीत, वर्क व्हिसावर. दर भेटीला तोच त्यांना घेऊन यायचा. मी एकदा म्हटलं, "तू जरा बाहेर बसतोस का?" तर मावशीच म्हणाल्या, "तो इथेच बसेल." आणि स्टेटमेंटवर दर महिन्याला निरंजनच्या नावाने एक ट्रान्सफर होता.

माझी बॉस डेनीस हिने या कामात केस पांढरे केलेत. मी तिला सगळं सांगितलं तेव्हा तिने सँडविच खाली ठेवलं.

"भाच्याची गाडी कुठली आहे?"

"नवी आहे. का?"

"म्हातारी एकटी आहे, अचानक रोख उचल झालीय, शेजारून न हलणारा नातेवाईक आहे, आणि आता पैसे वेगळ्या खात्यात जाऊ द्यायला नकार. आत्ताच्या खात्याचं कार्ड त्याच्याकडे असणार. वर्षा, नेहमी भाचाच असतो."

"कधी कधी मुलगा असतो," मी म्हटलं.

"मुलगा असला की ती रडते. भाचा असला की गप्प बसते."

मला ते पटलं होतं. म्हणून मी निरंजनला मेसेज केला, कागद घ्यायला एकटाच ये. तो आला, पण वर ऑफिसात येईना. पार्किंग लॉटमध्येच गाडीला टेकून उभा राहिला.

"तुझ्या नावावर दर महिन्याला पैसे जातात ते कशाचे?" मी सरळच विचारलं.

"फोनचे. फॅमिली प्लॅन आहे. मी नको म्हटलं तरी ती तिचा हिस्सा पाठवते." त्याने लगेच फोनवर बिल काढून दाखवलं. रक्कम तंतोतंत तीच होती. मग तो म्हणाला, "ताई, आता मी एक विचारू? तुम्ही मावशीचे पैसे कुठे हलवताय?"

"मी?"

"ती मला सांगते, वकीलबाईंवर लक्ष ठेव, एक मिनिटसुद्धा मला त्यांच्याबरोबर एकटी सोडू नकोस. मी सुट्टी टाकून येतो यार, उगाच नाही येत. तुमचं लायसन्स मी ऑनलाइन चेक केलंय. ते ठीक दिसतंय. पण फ्री लीगल सर्व्हिस, मग नवीन खातं, मग बँकेत सांगू नका... मला पण ते वियर्ड वाटलं."

"हिवाळ्यात त्यांनी उचललेले पैसे कुठे गेले, तुला माहीत आहे?"

"कुठले पैसे?" तो म्हणाला. "मला वाटलं काकांच्या हॉस्पिटलची बिलं आहेत."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. खोटं बोलणाऱ्या माणसाची उत्तरं तयार असतात. याच्याकडे फक्त प्रश्न होते. तरी माझी खात्री होत नव्हती. तो माझ्याकडे संशयाने बघत होता आणि मी त्याच्याकडे.

वर जाऊन मी डेनीसला झालेलं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, "तू क्लायंटला नक्की काय बोललीस? शब्द सांग."

मी इंग्रजीत म्हणून दाखवलं. तुमचे सरकारी पैसे धोक्यात आहेत. खातं फ्रीझ होऊ शकतं. पैसे लगेच सेफ अकाउंटमध्ये हलवा. बँकेत कोणाला सांगू नका.

शेवटच्या वाक्याला माझीच जीभ अडखळली. डेनीस खुर्चीत मागे टेकली. हेच शब्द आम्ही दर आठवड्याला ऐकतो. फोनवरचे भामटे म्हाताऱ्या माणसांना अगदी हेच सांगतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शिलाईच्या दुकानात गेले. लग्नसराई नव्हती, दुकान रिकामं होतं. मावशी एका पिवळ्या ब्लाउजची बाही उसवत होत्या. मला बघून त्यांचे हात थांबले नाहीत.

"मी सही घ्यायला आले नाहीये," मी म्हटलं. "एकच विचारायचंय. मागच्या हिवाळ्यात फोन कोणाचा आला होता?"

त्या उसवत राहिल्या. दोरा ओढून झाला, बाही हातात आली, ती त्यांनी घडी करून ठेवली. मग दुकानाच्या मालकिणीला त्या गुजरातीत काहीतरी म्हणाल्या आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या.

"निरंजनला कळता कामा नये," त्या म्हणाल्या.

फोन करणारा म्हणाला होता, मी सोशल सिक्युरिटी ऑफिसातून बोलतोय. तुमचा नंबर वापरून कोणीतरी गुन्हा केलाय. चौकशी होईपर्यंत तुमचं पेन्शन बंद होईल. तुमच्या बँकेतलीच माणसं त्यात सामील आहेत, त्यांना पकडायला आम्हाला मदत करा. त्यांच्याकडून लोन घ्या, कोण मंजूर करतं ते आम्ही बघतोय. कार्डांवरची रोकड काढा आणि आम्ही सांगतो तिथे भरा, म्हणजे ती सेफ अकाउंटमध्ये राहील.

"मी मूर्ख नव्हते," मावशी म्हणाल्या. "मी त्याला उलटसुलट विचारलं. त्याला माझा पत्ता माहीत होता, ह्यांचं नाव माहीत होतं, पेन्शन किती येतं तेही माहीत होतं. आणि बोलायला इतका अदबशीर! मॅडम, तुम्ही अगदी बरोबर शंका घेताय, म्हणायचा. तुमच्यासारखी सावध माणसंच आम्हाला हवीत."

त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"म्हणाला, घरातल्या कोणाला सांगू नका. तुमच्या जवळचा एकजण व्हिसावर आहे ना, त्याच्यावरही आमची नजर आहे. मी त्या पोराला दोन महिने घरात घेतलं नाही, वकीलबाई. दारातूनच परत पाठवायचे. तो डबा आणायचा, मी घ्यायचे नाही. त्यात काहीतरी असेल असं वाटायचं मला."

"मग कळलं कधी?"

"त्या फोनवाल्याने फोन उचलणं बंद केलं तेव्हा." त्या हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्यांच्या कॉलरी हुंगल्या. फोनवर वास येत नाही ना."

"पोलिसांना सांगितलंत?"

"काय सांगू? रिटर्न्स काउंटरवरची बाई फसली म्हणून? त्यापेक्षा दिवाळखोर म्हटलेलं बरं. त्यात निदान अक्कल गेली असं कोणी म्हणत नाही."

इथे माझं काम सुरू झालं. मी त्यांना समजावलं की हे लपवणं आता धोक्याचं आहे. ट्रस्टी रोख उचल बघून पहिला प्रश्न तोच विचारणार, आणि त्याचं उत्तर शपथेवर द्यायचं असतं. 'घरात लागले' हे उत्तर चालणार नाही. परत न करण्याच्या इराद्यानेच उचल केली असं कार्ड कंपनीला दाखवता आलं, तर ते कर्ज माफ होत नाही. पण खरं सांगितलं तर मावशी फसवणाऱ्या ठरत नव्हत्या, फसवल्या गेलेल्या ठरत होत्या.

"आणि खात्याचं?" मी म्हटलं. "खातं बदलायचं मी सांगितलं ते खरंच गरजेचं आहे. पण तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"फॉर्म मी भरणार नाही. बँक तुम्ही निवडा, फक्त तिथे तुमचं काही देणं नसावं. कुठली निवडली ते आत्ता मला सांगूही नका. सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात स्वतः जा, फोनवर नाही. काउंटरवरच्या माणसाला विचारा की पैसे दुसऱ्या बँकेत घ्यायचे तर काय करायचं, आणि ही वकीलबाई सांगतेय त्यात काही खोट आहे का. खोट निघाली तर माझी तक्रार करा. कुठे करायची तेही तिथेच विचारा."

"आणि बँकेत सांगू नका म्हणालीस ते?"

"सांगितलंत तरी चालेल. कायद्याने लपवण्यासारखं त्यात काहीच नाही. अर्जात तर दोन्ही खाती लिहायची आहेत."

त्यांनी मला 'तू' म्हटल्याचं माझ्या नंतर लक्षात आलं.

त्या गेल्या. एकट्या, बस करून. नंतर निरंजनकडून कळलं की त्यांनी सोशल सिक्युरिटी ऑफिसातल्या माणसाला त्याचं ओळखपत्र दाखवायला लावलं, मग त्याच्या सुपरवायझरला बोलावलं, मग शेजारच्या खिडकीवर जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारून उत्तरं जुळतात का ते पाहिलं. बँकांच्या बाबतीतही तसंच. एका बँकेतून त्या उठून आल्या, कारण तिथला मुलगा फार गोड बोलत होता.

इकडे डेनीस कुरकुरत होती. पगारातली कपात चालूच होती आणि मी अर्ज थांबवून ठेवला होता. जमा होण्याची बँक बदलायला वेळ लागतो. नव्या खात्यात पहिलं पेन्शन प्रत्यक्ष आल्याशिवाय अर्ज करायचा नाही, जुनं खातंही बंद करायचं नाही, नाहीतर मधल्या मधे पैसे लटकतात.

"तुझी क्लायंट अजून बँका बघतेय?" डेनीस रोज विचारायची.

"बघतेय."

"स्थळं बघायला इतका वेळ लागत नाही."

शेवटी एका सकाळी मावशी स्वतःच आल्या. नव्या खात्याचं पहिलं स्टेटमेंट माझ्यासमोर ठेवलं. त्यात एकच नोंद होती, पेन्शनची. पोलिसांत केलेल्या तक्रारीची प्रतही बरोबर होती. मी अर्ज दाखल केला.

जुन्या बँकेने मला वाटलं तेच केलं. नोटीस पोचताच खातं गोठवलं. त्यात पगाराचे उरलेसुरले पैसे तेवढे अडकले. ते सोडवायला मला बरीच पत्रं लिहावी लागली. पण पेन्शन दुसरीकडे सुखरूप येत होतं आणि मावशींचं भाडं वेळेवर गेलं. पगारातली कपातही थांबली.

ट्रस्टीसमोरची मीटिंग आता व्हिडिओवर होते. मावशी आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये बसल्या, शेजारी मी. निरंजन बाहेर थांबायला निघाला, तशा त्या म्हणाल्या, "थांब. तूही ऐक. पुन्हा सांगायला जमणार नाही मला."

ट्रस्टी कोरडा माणूस होता. शपथ दिली, नाव-पत्ता विचारला, मग रोख उचलीवर आला. मावशींनी सावकाश इंग्रजीत सगळं सांगितलं. फोन, लोन, सेफ अकाउंट. तुमच्या भाच्यावर नजर आहे, हेसुद्धा. मी निरंजनकडे पाहिलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो मावशींच्या मागे जाऊन उभा राहिला आणि एक हात त्याने त्यांच्या खांद्यावर ठेवला. मावशींनी बोलणं थांबवलं नाही.

ट्रस्टीने कागद उलटला.

"अर्जाच्या थोडंच आधी तुम्ही तुमचं पेन्शन दुसऱ्या बँकेत वळवलंत. तेही कोणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या वकिलाच्या."

"एवढं सगळं झाल्यावर तुम्ही पुन्हा दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवलात?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "मी चेक केलं."

ट्रस्टी किंचित हसला. त्याचे प्रश्न संपले होते.

एका कार्ड कंपनीच्या वकिलाने हरकत घेऊ अशी धमकी दिली होती. पोलीस तक्रार आणि ती साक्ष पाहून त्याने नाद सोडला. काही महिन्यांनी कर्जमाफीचा आदेश आला. गेलेले पैसे परत आले नाहीत, येणारही नाहीत. फोनवरचा माणूस सापडला नाही. जुन्या बँकेने मावशींचं खातं बंद केलं. त्याचं त्यांना वाईट वाटलं, कारण ते नवरा-बायकोने मिळून उघडलं होतं. निरंजन रविवारी जेवायला जातो. मावशी त्याच्या फोन प्लॅनचा हिस्सा अजूनही पाठवतात.

मी माझी वाक्यं बदलली आहेत. 'सेफ अकाउंट' हा शब्द ऑफिसात बंद केलाय, 'कोणाला सांगू नका' तर डेनीसने भिंतीवरच्या मनाईच्या यादीत घातलंय. खातं बदलायला सांगताना मी क्लायंटला आधी सांगते की हे तुम्ही दुसरीकडे विचारून या. काम लांबतं. आकड्यांच्या रिपोर्टमध्ये ते वाईट दिसतं.

मावशींशी कधीतरी बोलणं होतं. मी फोन केला की त्या माझं नाव ऐकून घेतात, काही न बोलता फोन ठेवतात, मग ऑफिसच्या मुख्य नंबरवर स्वतः फोन करून 'वर्षा वकीलबाई द्या' म्हणतात. रिसेप्शनिस्ट वैतागते. मी तिला सांगितलंय, सगळे क्लायंट असे वागले तर आपल्याकडे निम्म्या केसेस येणारच नाहीत.